पापणीचा केस

पंच्याण्णव साली माझी लेक वैजू बंगळूरच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक बनवत होती. अणूंची चुंबकी ओढ त्याला केसाहून पातळ पट्टीच्या थरथरीतून कळणार होती. पट्टीच्या टोकाला कणभर चुंबक चिकटवायचं होतं आणि गोंद सुकत चालला होता. लोखंडी चिमट्याला ते चिकटलं की सुटेना. तेवढ्यात मी राजाजीनगरच्या घरून डबा घेऊन पोहोचले. "आई, पापणीचा एक केस दे," ती म्हणाली. मी उपटला, सवयीनं मुठीवर ठेवला, लेकीसाठी मागणं मागितलं आणि फुंकर मारली. "अगं, उडवलास काय?" तिनं कपाळावर हात मारला. दुसरा तिनंच माझ्या पापणीचा उपटला, जरा रागानंच. त्याच्या टोकानं चुंबक अलगद उचलून पट्टीवर बसवलं. तिच्या सुब्बाराव सरांनी भिंगातून पाहिलं. "इतकं नाजूक हत्यार कुठल्या देशातून मागवलंस?" "राजाजीनगरहून, सर," वैजू म्हणाली आणि डोळा चोळणाऱ्या मला पुढे ओढलं.