बापाच्या नावाची धार

रेवजीने भरलेला द्रोण पुढे केला, तरी बाज्याने गुडघ्यांभोवतीची हातांची मिठी सोडली नाही.

मोहाच्या दारूचा गोडसर वास अंगणभर दरवळत होता. अबकारीच्या शिपायांची नजर चुकवून कोकिळेच्या बापाने, डोंगरसिंगने, ती ओढ्याच्या कपारीत गाळून घेतली होती, ती आजच्याच कामासाठी. मुलीच्या बापाचे आणि मुलाचे द्रोण रिते झाले, की कोकिळा बाज्याची. नाहीतर सकाळपासून ठरलेले सारे वाऱ्यावर.

"घे रे," रेवजी म्हणाला. सोयरीक जुळवणारा तो. दोन्हीकडची बोलणी करून त्याचा घसा सुकला होता, आणि बाज्याचा द्रोण रिता झाल्याखेरीज त्याचा स्वतःचा भरला जाणार नव्हता.

"मी पीत नाही, काका."

"रोज पी असं कोण म्हणतंय? आज पी."

घटकाभरापूर्वी समोरच्या खाटेवर बसून डोंगरसिंग साऱ्यांच्या देखत म्हणाला होता, "पोऱ्या कष्टाचा आहे. पण रक्त बापाचं, जामसिंगचं. ह्याचा आजा दारूनं गेला, बाप दारूनं गेला. आम्ही काय पीत नाही? पण दोन झाले, की द्रोण उपडा घालतो. माझ्या बापाला जमायचं, मला जमतं. ह्यांच्या घरात तेवढं कोणाला जमलं नाही." बाज्याने मान खाली घालून ते ऐकून घेतले होते, कारण ते खरे होते. आता तोच डोंगरसिंग त्या भरल्या द्रोणाकडे आणि बाज्याच्या ओठांकडे आळीपाळीने पाहत होता.

आजचेच नव्हे, मिसरूड फुटल्यापासूनचे हे होते. मोलगीच्या बाजारात जो भेटे तो म्हणे, "चाल बघा, हुबेहूब जामसिंग!" आणि त्याच श्वासात विचारी, "घोटभर घेतोस?" तुझ्या घराण्यात कोणाला पोहता येत नाही, असे काठावरच्या माणसाला बजावायचे, आणि पाठीला हात लावून त्याला डोहात लोटायचे.

"मामा, तूच म्हणालास ना, माझ्या रक्तात आहे म्हणून?" बाज्या होणाऱ्या सासऱ्याला म्हणाला. आवाज त्याला हवा होता त्याहून मोठा निघाला. "मग तूच कशाला पाजतोस?"

डोंगरसिंग रागावला नाही. तो खरोखरच बुचकळ्यात पडला. "अरे, न पिणाऱ्याला पोरगी कशी देऊ? देव काय म्हणतील?"

"पिणाऱ्याला दिली होती की माझ्या बापानं." दाराच्या चौकटीला टेकून बसलेली बाज्याची आई, सोनीबाई, प्रथमच बोलली. "देव फार खूश झाले होते."

दाराआडच्या कोकिळेच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या.

"माझा जीव जाईल रे आता," रेवजी कण्हला.

बाज्याने द्रोण घेतला. रीतीप्रमाणे आधी गेलेल्या माणसांच्या नावाने भुईवर धार सोडायची. चार थेंब सगळेच सोडतात. "जामसिंग," तो म्हणाला आणि द्रोण कलता केला. थेंब पडले. त्याने द्रोण सरळ केला नाही. बारीक धार लागली, अंगठ्यावरून मनगटावर ओघळली, भुईवर पडत राहिली. शेवटचा थेंब निथळला, तेव्हा त्याने द्रोण ओल्या मातीवर उपडा घातला.

"अरे, सगळी?" रेवजी कळवळला.

"माझ्या बापाला चार थेंब कधी पुरले होते, काका?"

आधी मागे कोणीतरी खुदकन हसले, मग डोंगरसिंगच्या मिशा हलल्या. "द्रोण रिता झाला," तो म्हणाला. "कोण प्यालं, ते देव बघतील." आपला द्रोण त्याने रिता करून बाजूला ठेवला आणि दाराकडे वळून सोनीबाईला पहिल्यांदाच हाक मारली, "इहीणबाई, आत बस. भाकरी खाऊन जा."

रेवजीने आपला द्रोण एका दमात संपवला. "आजचं भागलं," तोंड पुसत तो बाज्याला म्हणाला. "पण लग्नात पुन्हा आहे हं. मग बारशाला. दर वेळी बापाला पाजणार आहेस का?"

बाज्याने खाली पाहिले. तहानलेल्या भुईने सारे केव्हाच शोषून घेतले होते. त्याने बोटे धोतराला पुसली. पुन्हा पुसली. वास जाईना. त्याला रेवजीचा राग आला, डोंगरसिंगचा आला, न प्यालेल्यावर रुसणाऱ्या देवांचा आला. आणि सर्वांत अधिक स्वतःच्या जिभेचा आला. तिला पाणी सुटले होते.