आगीची गुहा

कल्याणनं गेममधल्या त्या कोवळ्या तलवारबाजाला आगीच्या गुहेपाशी नेलं आणि आज चौथ्या दिवशीही तोंडाशीच मागं फिरवलं.

धाकटी शीतल हसली. "दादा, तलवार हाय, ढाल हाय, पाच लाइफ बाकी हायेत. मंग कशाला भिऊन राह्यला?"

"आत लई गरम असतंय."

तिनं त्याच्या हातातला मोबाईल ओढला आणि तलवारबाजाला सरळ आत दामटलं. स्क्रीन लालभडक झाली. कल्याण भिंतीला चिकटून ओरडला, "इजहार, मागं सरक!"

शीतलचं हसू तोंडातच राहिलं. इजहार दादासोबत सळयांच्या कारखान्यात भट्टीवर होता. दोघं रोज एकाच गाडीवर यायचे. सोमवारी दादा एकटाच आल्ता. म्हणाला होता, "इजहार त्याच्या गावाला, मंठ्याला गेला. आता येणार न्हाई."