बाकीचे बाबा

"अगंबाई! अर्धा झालास की रे, दादा!"

आत्या दारातूनच ओरडली. मैदानावर पळून आलेल्या बाबांनी बूट सोडता सोडता पोट आत ओढून दाखवलं. आता ओढायला पोटच उरलं नाही हे लक्षात आल्यावर स्वतःच हसले.

"वहिनी, याला खायला घालतेस की नाही?"

"घालते ना," आई म्हणाली. "सकाळी काकडी, संध्याकाळी काकडीची आठवण."

हसताना तिचे डोळे मात्र बाबांच्या छातीवर होते. वजन असंच वाढत राहिलं तर हे हृदय फार साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या दिवसापासून घरात साखर आली नव्हती. आणि झोपेतून उठून बाबांच्या नाकाशी बोट धरून पाहायची सवय आईला लागली होती, ती अजून सुटत नव्हती.

बिट्टी जमिनीवर ठोकळे रचत होती. तिने मान वर केली.

"मग बाकीचे अर्धे बाबा कुठेयत?"

आत्याला हसता हसता ठसका लागला. बाबा मात्र गंभीर चेहरा करून म्हणाले, "त्याला मैदानावर सोडून आलो. मी पळायला लागलो की तो धापा टाकायचा. सारखा आपला 'थांब रे, थांब रे.' म्हटलं, बस इथेच बाकावर."

"एकटे?"

"एकटाच."

"जेवले का ते?"

"त्याचं जेवण डॉक्टरांनीच बंद केलंय."

"त्याचं नाही, त्यांचं," बिट्टी म्हणाली. "बाबांना अरेतुरे नाही करायचं."

आत्या गेली. बाबा आतल्या खोलीत सतरंजी अंथरायला गेले, अंग ताणायचे व्यायाम राहिले होते. आई कप विसळून बाहेर आली तर बिट्टी खिडकीजवळच्या खुर्चीवर चढून हात हलवत होती.

"कुणाला गं?"

"बाबांना."

खाली मैदानाच्या कडेला बाकावर एक जाडा माणूस बसला होता. दिवे अजून लागायचे होते. अंगात निळ्या चौकड्यांचा शर्ट, पोटावर ताणलेला. बाबांचे ढगळ झालेले कपडे, त्यात असाच शर्टही, आईने मागच्याच आठवड्यात देऊन टाकले होते. ज्याला मिळाला त्याने घातला असेल. घालायलाच तर दिला होता.

त्या माणसाने एक चप्पल काढली, पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्याने तळवा चोळायला लागला. अधूनमधून थांबून अंगठ्याकडे बघायचा, तळव्यातून काही निघालंय का असं.

शर्ट देता येतो. बाबांचं ते बसणं कसं देता येईल?

"वर या!" बिट्टी ओरडली.

माणसाने वर पाहिलं. बाकाच्या पाठीला धरून तो उठायला गेला, परत बसला, मग उठला.

आईने खिडकी लावून घेतली. "कुणालाही काय बोलावतेस!"

"कुणालाही नाही. बाबांना."

"अगं, जरा पाणी दे," आतून आवाज आला.

बाबा दाराची चौकट धरून उभे होते. कपाळावर घाम.

"जास्त ताणलंस का रे?"

"अजून काही केलंच नाही." ते खुर्चीत बसले. आईने पाण्याचा ग्लास भरून शेजारी ठेवला. अख्ख्या मैदानाला फेऱ्या मारून ज्यांचा श्वास फुलत नव्हता, त्यांना बसल्या जागी धाप लागली होती.

जिन्यात चपला वाजल्या. एकेक पायरी, घासत. मजला आला की थांबत होत्या. थांबल्या की बाबांना जरा बरं वाटे. चढायला लागल्या की त्यांचा हात छातीवर जाई. आई एकदा दाराकडे बघत होती, एकदा त्या हाताकडे.

बेल वाजली. अर्धवटच, बोट नीट न दाबल्यासारखी.

"कोण?" बिट्टीने विचारलं. विचारल्याशिवाय उघडायचं नाही, हे तिला शिकवलेलं होतं.

"मीच गं. हुश्श. उघड लवकर, भूक लागलीय."

आईचं पाऊल आपोआप उचललं गेलं. हा आवाज घरी आला की आधी डबे धुंडाळायचा, मग बिट्टीला पोटावर घेऊन, तिला गोष्ट सांगता सांगता स्वतःच झोपून जायचा. कितीतरी दिवसांत तिने तो ऐकला नव्हता. काकडी चिरताना तो आपल्याला हवासा वाटतो, हे तिने कुणाला सांगितलंही नव्हतं.

मागे खुर्चीत बाबांचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी नुसती मान हलवली. नको.

आईने कडीवर तळहात दाबून धरला.

"उघड ना!" बिट्टी तिचा कुर्ता ओढायला लागली. "दमलेत ते!"

"इथे तुमचं कुणी नाही," आई दाराला म्हणाली. त्या आवाजाला ती आयुष्यात पहिल्यांदाच अहोजाहो करत होती. "तुम्ही जा. कृपा करून जा."

बाहेर नुसता श्वास ऐकू येत होता. मग तोही हळूहळू शांत होत गेला. मागे बाबांनी ग्लास उचलून घोट घेतला. घशातून पाणी उतरल्याचा आवाज आईने नीट ऐकला.

"बरं," बाहेरून आवाज आला. रागावलेला नव्हता, उलट समजूतदार होता. "येतो मग."

येतो म्हणणाऱ्याला काय म्हणायचं, हेही बिट्टीला शिकवलेलं होतं.

"या हं, बाबा," ती दाराला तोंड लावून म्हणाली. "लवकर या."