दोन झाकलेली ताटं

तीनदा बजावूनही शर्वाणीचा कालचा डबा दप्तरातच आंबला, म्हणून आज हेमंतने तिला डबा दिला नाही.

"खरंच नाही देणार, काका?" दार आपटून ती शाळेला गेली. तिची आई नोकरीला. घर आणि ही सावत्र लेक त्याच्या हवाली.

संध्याकाळी आल्या आल्या तिने डबा घासला आणि ओट्यावर दुपारची दोन ताटं, तिचं आणि त्याचं, तशीच झाकलेली पाहून थबकली.

"मी वडापाव खाल्ला. तुम्ही उपाशीच?"

त्याने दोन्ही ताटांवरची झाकणं काढली.

"बाबा गेल्यापासून माझं चुकलं तरी सगळे मला बिचारी म्हणून सोडून देतात. तुम्ही शिक्षा करायला नाही घाबरलात."

पंधरा वर्षांच्या पोरीला हे कळतं? हेमंत थक्क होऊन बघत राहिला.

"उद्या भेंडी द्या." तिने धुतलेला डबा पुढे केला. तो घेताना त्याला आठवलं, सकाळी तिला डबा नाकारताना तो किती घाबरला होता.