फाटकाकडे चाललेली पावले

"डाव्या हातानं गाईचं पाऊल होत नाही गा, बदकाचं होते," प्रयागबाई म्हणाल्या आणि रांगोळीचा डबा धाकट्या भावापुढे सरकवला. त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. चातुर्मास लागलेला. रोज ओसरीवर रांगोळीची गोपद्मे काढायची, मगच तोंडात पाणी घ्यायचे, असा त्यांचा नेम.

चंपतराव रंगांची पेटी सुतळीने बांधत होते. गावोगाव हिंडून याच पेटीतून त्यांनी सातपुड्याच्या रांगा आणि नर्मदेचे घाट रंगवले होते. मग गेल्या वर्षी लढाईची चित्रे काढायला फौजेबरोबर पूर्वेच्या सीमेवर गेले. परतल्यापासून पेटी उघडली नव्हती. आज सिनेमाचे बोर्ड रंगवणारा शालिकराम ती कायमची घेऊन जाणार होता.

"मले नाही जमणार आता, ताई."

"दे ना त्याले पेटी. मी कुठी अडवून राहिली? पण सकाळपासून उपाशी आहो. एवढं काढ."

ते उकिडवे बसले. चिमटीतून पांढरी धार सुटली, ती थांबलीच नाही. एकामागे एक खूर उमटत गेले. अर्धी ओसरी भरली.

प्रयागबाई वाकून बघू लागल्या. "काहून गा, ही तं सारी फाटकाकडं चालली! आपली गाय घरात येत असते. हिले कोणी हाकललं?"

चंपतराव त्या रांगेकडे पाहत राहिले.

"तिकडं सीमेवर सारे घर सोडून जाणारेच होते, ताई. गाठोडी घेऊन. मी त्याहीचेच पाय काढले."

प्रयागबाईंनी पाण्याचा गडवा भावाजवळ ठेवला. "पूस अन् पुन्हा काढ. मले घाई नाही. देवालेही नाही."

चंपतरावांनी तळहाताने ओसरी पुसली. आता खुरांची टोके उंबरठ्याकडे वळली. एखादे पाऊल चिखलात रुतल्यासारखे खोल, एखादे किंचित घसरलेले. रांग उंबरठ्यापर्यंत पोचली, तरी चंपतराव उठले नाहीत. मागे फाटकाच्या बाजूला सरकून त्यांनी एक इवलासा खूर काढला.

"वासरू नसते गा व्रतात," प्रयागबाई हसल्या.

"ते तिकडं मागं राहून गेलं होतं."

फाटक वाजले. "पेटी बांधून झाली का जी, चंपतरावजी?" म्हणत शालिकरामने ओसरीवर टाकायला पाय उचलला.

"थांबा तिथंच!" वर न बघताच चंपतरावांनी डब्यात हात घातला. "वासरू अजून घरात यायचं आहे."

प्रयागबाई पेटीजवळ बसल्या आणि डाव्या हाताने सुतळीची गाठ सोडवू लागल्या. गाठ लवकर सुटेना. पण त्यांना घाई नव्हती.