आवाज बारा

आमच्या टीव्हीची एक खोड आहे. डिशवरच्या बातम्या आवाज चाळीसवर नेल्याशिवाय ऐकू येत नाहीत आणि पेन ड्राइव्ह लावला, की बारालाच शेजारची दारात येते.

लेकीनं, चारुलतानं, मनानं लग्न केलं. आम्ही गेलो नाही. घरात तिचं नाव काढायचं नाही, असा यांचा हुकूम. लग्नाचा व्हिडिओ तिनं मला पेन ड्राइव्हवर गुपचूप पाठवला. हे शेतात गेले, की मी तो पाहते, आवाज आठवणीनं परत चाळीसवर नेते आणि पेन ड्राइव्ह तुरीच्या डाळीत खुपसून ठेवते.

आज बोदवडच्या बाजारातून लवकर परतले. हे खाटेवर बसलेले, समोर बातम्या. पण बातम्या देणारीचे नुसते ओठ हलत होते. पाहिलं, तर आवाज बारा. सकाळी निघताना मीच चाळीसवर केला होता. मनात पाल चुकचुकली.

"काय पाहत व्हते?"

"बातम्या. दुसरं काय पाहीन?"

मी स्वयंपाकघरात गेले आणि डाळीच्या डब्यात हात घातला.



पेन ड्राइव्ह अजून गरम होता.