भिंतीवरचा नंबर

"आत्या, जरा बाजूला हो. तुझी सावली पडते," जयश्री म्हणाली आणि तिनं आकडे वाचणाऱ्या पेटीचा कॅमेरा भिंतीसमोर धरला.

सुकरी लगेच सरकली. निम्मा साखरशेत पाडा तिच्या दारात जमला होता. भिंतीवर पांढऱ्या रेघांत तिच्या मुलाचा, कमलेशचा, फोन नंबर होता. भिवंडीला कामाला जाताना त्यानं तिथला म्हणून तो लिहून ठेवला, तेव्हा पाड्यात फोन नव्हता. तो गेला तो आलाच नाही. आता घरोघर फोन आहेत, पण नंबर प्रत्येकाला वेगळा दिसतो. शेजारच्या पोश्याला सात दिसतो तिथे माघीला एक. दोघांनीही आपापला आकडा लावून परक्या माणसांच्या शिव्या खाल्ल्या होत्या, तरी हट्ट कुणी सोडला नव्हता.

"पेटीला आमच्याहून जास्त दिसतं काय गं?" पोश्यानं विचारलं.

"आतल्या चिपला हजारो माणसांचं अक्षर शिकवलंय, काका. कुणी कसाही आकडा काढू दे, शून्य ते नऊमधलं एक उत्तर ती देतेच." जयश्री जव्हारला पॉलिटेक्निकला होती, पेटी तिनंच बनवली होती.

"'नाय ठाऊक' असा कधी बोलत नाय? मंग साहेबच झाली की."

सगळे हसले. सुकरी हसली नाही. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, जसं काही फोनवर ते दिसणार होतं.

पेटी एकेक आकडा बोलत गेली. कुठेच अडली नाही. एका जागी पोश्याचं खरं ठरलं, दुसऱ्या जागी माघीचं. दोघंही खूश झाले. जयश्रीनं नंबर लावला. घंटी वाजू लागली.

"आधी जेवला का, इचारीन," सुकरी पुटपुटली.

"कौन कमलेश?" पलीकडून एक माणूस म्हणाला. "यहाँ कोई कमलेश नहीं. कभी था भी नहीं."

जयश्रीनं पेटीकडून पुन्हा वाचून घेतलं. तेच आकडे आले. तिनं भिंतीला बोट लावलं, तर बोट पांढरं झालं.

"आत्या, दादानं कशानं लिहिलं होतं?"

"कोळशानं."

"मग हे?"

"तांदळाचा पीठ. दिवाळीला भिंत सारवते, मंग कोळसा राहील कसा? नीट बघून घेते, सारवते, परत लिव्हते. दरसाल." पाड्यातल्या लग्नांत भिंतीवर पिठानं काढायचे देवीचे चौक सुकरीच लिहायची. "चौकातली देवी नाय का दर लग्नाला नवी लिव्हत? देवी तीच राहते ना?"

पोश्या पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत राहिला.

सुकरीनं एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, मग भिंतीकडे. पुढे होऊन तिनं नंबरावर तळहात ठेवला, पोराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा तसा.

कॅमेरा अजून तिकडेच होता. पेटीनं तो हात पाहिला आणि जराही न अडखळता सांगितलं, "चार."